रेषांचा हिशेब

टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक आधी आकडा विचारतं: ७२० की १०८०, फुल एचडी की फोर-के. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं, हे समीकरण आता इतकं रुळलं आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. हाय डेफिनिशन टीव्हीचा इतिहास मात्र या समीकरणाला दुजोरा देत नाही. चित्र बनवणाऱ्या आडव्या रेषा वाढल्या तेव्हा त्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागली, कधी हालचालीच्या सफाईत, कधी चॅनेलांच्या संख्येत. सिग्नल वाहून नेणारी जागा मोजकीच असते. तिच्यात काय भरायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजेच फॉरमॅट ठरवणं. ते ठरवताना माणसाच्या डोळ्याइतकाच सरकारांचा आणि कारखानदारांचाही विचार झाला.

याची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. लॉर्ड सेल्सडन यांच्या समितीने १९३५ मध्ये हाय डेफिनिशन सेवेसाठी किमान २४० रेषांची अट घातली. त्याआधी ३० रेषांची प्रक्षेपणं होत होती, त्यामुळे ही झेप मोठीच होती. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची सेवा सुरू झाली आणि दोन प्रतिस्पर्धी पद्धती आलटून पालटून चालवल्या गेल्या. बेअर्ड कंपनीची पद्धत २४० रेषांची होती, पण प्रत्येक चित्र संपूर्ण, सेकंदाला २५ वेळा. स्टुडिओतल्या मोठ्या दृश्यांसाठी तिचा कॅमेरा आधी फिल्मवर चित्रण करी, ती फिल्म तिथल्या तिथे रसायनात धुतली जाई आणि मग तिचं प्रक्षेपण होई. मार्कोनी-ईएमआयच्या पद्धतीत ४०५ रेषा होत्या, पण एका फेरीत एकाआड एक रेषा आणि पुढच्या फेरीत उरलेल्या. अशा सेकंदाला ५० फेऱ्या. यालाच इंटरलेस म्हणतात. फेऱ्या दुप्पट झाल्याने पडदा लुकलुकत नाही, पण जागा लागते ती २५ पूर्ण चित्रांचीच. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत बंद झाली, आणि तो निर्णय योग्यच होता. मात्र या युक्तीची खोट तेव्हापासून चित्राला चिकटली. सदऱ्यावरचा एखादा बारीक आडवा पट्टा एकाच रेषेत बसला, तर तो एकाआड एक फेरीतच उमटतो आणि थरथरताना दिसतो. धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात, कारण सम आणि विषम रेषा दोन वेगळ्या क्षणांच्या असतात.

फ्रान्सने १९४८ मध्ये थेट ८१९ रेषा ठरवल्या. त्या हुकमावर माहिती खातं सांभाळणाऱ्या फ्राँस्वा मितराँ यांची सही आहे. कृष्णधवल चित्र म्हणून ते युरोपात सर्वांत रेखीव होतं, पण एका चॅनेलला सुमारे १४ मेगाहर्ट्झ जागा लागे. पुढे दुसरं चॅनेल आणि रंग आले ते ६२५ रेषांवर. रेषांच्या शर्यतीत जिंकलेला देश असा स्वखुशीने मागे आला.

इथे एक आक्षेप रास्त आहे: रेषांना काहीच अर्थ नसेल, तर जपानने इतका खटाटोप का केला? अर्थ आहे, आणि तो सर्वांत नीट जपाननेच शोधला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या जपानी प्रक्षेपण संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रेक्षकांना बसवून पाहण्यात आलं की चित्र किती रुंद आणि किती जवळ असलं म्हणजे माणूस त्यात गुंततो. पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून रेषा सुट्या दिसू नयेत, यासाठी हजाराहून अधिक रेषा हव्यात असं निघालं. त्यातून ११२५ रेषांची हाय-व्हिजन आली. म्हणजे रेषांची संख्या आणि बसण्याचं अंतर ही जोडी आहे. अंतर सोडून नुसता आकडा सांगितला, तर तो अर्धवट राहतो. पण या चित्राला एका उपग्रह चॅनेलमध्ये असते त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत होती. म्हणून म्यूज नावाची पद्धत काढून ते सुमारे ८ मेगाहर्ट्झमध्ये दाबलं गेलं. स्थिर दृश्याचे ठिपके चार फेऱ्यांत मिळून पूर्ण होत आणि ते दृश्य अप्रतिम दिसे. काही हललं की त्या भागाचा तपशील निम्म्याहून खाली घसरे. ११२५ हा आकडा खरा होता, पण चित्र स्थिर असेपर्यंतच. १९८६ मध्ये दुब्रोवनिकच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत युरोपने जपानची ११२५ रेषांची पद्धत जागतिक प्रमाण मानायला नकार दिला आणि स्वतःची १२५० रेषांची पद्धत पुढे केली. त्यामागे आपले टीव्ही कारखाने वाचवण्याची धडपड होती, आणि ती पद्धतही टिकली नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने संपूर्ण डिजिटल प्रस्ताव मांडला आणि जुनी स्पर्धा बाद झाली. इथला हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. इंटरलेसमुळे सेकंदाला ३० पूर्ण चित्रांइतका मजकूर, म्हणजे सुमारे ६.२ कोटी पिक्सेल. दुसरीकडे १२८० गुणिले ७२० चं चित्र, पण सेकंदाला ६० वेळा आणि प्रत्येक वेळी संपूर्ण, म्हणजे सुमारे ५.५ कोटी. कागदावर १०८० चं चित्र दुपटीहून मोठं, पण सेकंदाच्या हिशेबात फरक जेमतेम आठव्या हिश्श्याचा. एकाने तपशील घेतला, दुसऱ्याने हालचाल. संगणक कंपन्यांनी इंटरलेसला कडाडून विरोध केला, प्रक्षेपणवाल्यांनी तो सोडला नाही, आणि अखेर १८ फॉरमॅटांचा तक्ता तयार झाला. डिसेंबर १९९६ मध्ये सरकारी मंजुरी देताना हा तक्ता सक्तीतून वगळण्यात आला. प्रक्षेपकांपैकी सीबीएस आणि एनबीसीने १०८० घेतलं, एबीसीने ७२०. खेळासाठी ७२० ची बाजू मला अधिक पटते, कारण चेंडू एका क्षणी एकाच जागी दिसतो.

यापेक्षा मोठी तडजोड मात्र फॉरमॅटच्या नावात दिसतच नाही. १०८० चं न दाबलेलं चित्र सेकंदाला जवळपास शंभर कोटी बिट मागतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही चॅनेलमध्ये मावतात सुमारे १.९ कोटी. म्हणजे पन्नासातला एक भाग प्रेक्षकापर्यंत पोचतो आणि बाकीचं डोळ्याला उणीव जाणवणार नाही अशा बेताने गाळलं जातं. हा बेत साधला की चित्र उत्तम, बिघडला की आकडा तोच राहून चित्र चौकटीचौकटींत फुटतं. आता कॉम्प्रेशन सुधारलं, त्यामुळे ही अडचण जुनी झाली, असं कुणी म्हणेल. कॉम्प्रेशन सुधारलं हे खरं. पण वाचलेली जागा चित्राला देण्याऐवजी त्याच जागेत आणखी चॅनेलं बसवण्याचा मोह प्रक्षेपकाला नेहमीच असतो.

भारतात दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या. आपल्याकडची एचडी चॅनेलं, मराठीही, १०८० रेषांची आणि ५० फेऱ्यांची, म्हणजे इंटरलेसच. घरातला सपाट पडदा सगळ्या रेषा एकदम उजळतो, त्यामुळे १९३६ ची ती युक्ती आज टीव्हीतल्या चिपला उलटी सोडवावी लागते आणि मधल्या रेषा अंदाजाने भराव्या लागतात. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो आणि सातही बचावपटू एकदम हलतात, तेव्हा हा अंदाज आणि चॅनेलला मिळालेले बिट, दोन्ही एकदम कसाला लागतात. वर्गणीच्या यादीत एचडीचा भाव वेगळा छापलेला असतो. त्या भावाशेजारी सेकंदाला किती बिट मिळणार हेही छापायला हवं. जास्तीचे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचा तो हक्क आहे.