होडीच्या तळाचा इतिहास

मे महिना संपत आला की वसईच्या पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा या कोळीवाड्यांत एक ठरलेले काम सुरू होते. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. त्यांच्या तळाला चिकटलेली पांढरी, धारदार कवचे खरवडून काढली जातात. मग होडी ओंडक्यांवर टेकवून शाकारली जाते आणि पावसाळाभर तशीच राहते. पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी तळाला रंगाचा हात बसतो.

हे काम पाहायला आम्ही एकदा मुलांना घेऊन गेलो होतो. एका मुलाने विचारले, "किनाऱ्यावर एवढे खडक असताना हे प्राणी होडीलाच का चिकटतात?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना आम्हांला चार-पाचशे वर्षांच्या इतिहासातून फिरावे लागले. तोच प्रवास येथे मांडत आहोत.

बार्नेकल, शिंपले, नळीत राहणारे कृमी अशा अनेक सागरी प्राण्यांची पिल्ले जन्मानंतर काही काळ पाण्यात तरंगत असतात. नंतर त्यांना एखादा टणक पृष्ठभाग लागतो. तो सापडला की ती तेथे कायमची चिकटतात आणि स्वतःभोवती कवच रचतात. त्यांच्या दृष्टीने खडक, धक्क्याचा खांब आणि होडीचा तळ यांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो आपल्या दृष्टीने, कारण होडी हा चालणारा खडक आहे.

या चालत्या खडकाने दर्यावर्दींना फार छळले. लाकूड पोखरणारा 'शिपवर्म' नावाने कृमी असला, तरी प्रत्यक्षात शिंपल्याच्याच कुळातला आहे. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत, १५०३ साली, त्याने जहाजांची अशी चाळण केली की ती जमैकाच्या किनाऱ्यावर सोडून द्यावी लागली. बाहेरून चिकटणारे प्राणी जहाज बुडवत नसत, पण त्याचा वेग कमी करीत.

यावर तोडगा म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. जहाज वेस्ट इंडीजहून परतले तेव्हा तांबे स्वच्छ होते, पण ज्या लोखंडी खिळ्यांनी पत्रे बसवले होते ते गंजून गेले होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो आणि लोखंड झिजते. पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्हीने हाच गुण उलटा वापरला. तांब्याची झीज थांबवण्यासाठी त्याने पत्र्यांना लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे खरोखरच झिजायचे थांबले, आणि त्याबरोबर तळावर बार्नेकल भराभर वाढू लागले! तांबे हळूहळू पाण्यात विरघळते म्हणूनच प्राणी त्याच्यापासून दूर राहतात, हे त्या फसलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. नववीदहावीच्या वर्गात विद्युतरसायन शिकवताना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

त्या काळी चिंता होती ती जहाजाची. जहाजाबरोबर कोण कोठे पोहोचते, याची नोंद फारशी कोणी ठेवत नव्हते. आपल्या वसईचेच उदाहरण घेऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहानुसार वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत येथील खाडीत दूरदूरची गलबते नांगर टाकून राहिली. त्यांच्या तळांना काय चिकटले होते, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यामुळे एखाद्या किनाऱ्यावर आज सर्रास दिसणारा प्राणी मूळचा तिथलाच की तीनशे वर्षांपूर्वी आलेला, हे जीवशास्त्रज्ञांना कित्येकदा सांगता येत नाही. अशा जातींसाठी त्यांनी 'अज्ञातमूल' असा स्वतंत्र वर्गच केला आहे. जो इतिहास लिहिला गेला नाही त्याची किंमत विज्ञानाला अशी मोजावी लागते.

एका पाहुण्याचा इतिहास मात्र आपल्याला बराच ठाऊक आहे. मायटिलॉप्सिस सॅलेई हा सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा शिंपला. मूळचा मध्य अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील. रेशमासारख्या तंतूंनी तो कोणत्याही वस्तूला घट्ट चिकटतो, एकावर एक थर रचतो आणि साधारण महिन्याभरात प्रजोत्पादनास तयार होतो. भारतात तो प्रथम १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या नौदल गोदीतही त्याची नोंद झाली. दोन्ही ठिकाणे मोठ्या जहाजांची आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग हौसेखातर चालवल्या जाणाऱ्या होड्यांचा यात संबंध कोठे येतो? त्यासाठी ऑस्ट्रेलियातील डार्विन या शहराकडे वळावे लागेल. या बंदराला नाव मिळाले ते चार्ल्स डार्विनवरून. योगायोग असा की ह्याच डार्विनने आयुष्यातील सुमारे आठ वर्षे केवळ बार्नेकलांच्या अभ्यासात घालवली होती.

मार्च १९९९ मध्ये तेथील कलन बे या शिडाच्या व सहलीच्या होड्यांच्या बंदरात पाणबुड्यांना हाच शिंपला दिसला. सहाच महिन्यांपूर्वीच्या पाहणीत त्याचा मागमूस नव्हता. आता एकेका चौरस मीटरवर तो हजारोंच्या संख्येने बसला होता. परदेशातून आलेल्या एखाद्या होडीच्या तळाला चिकटून तो आला असावा, असा निष्कर्ष निघाला. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक सात-आठ मीटरपर्यंत जातो, म्हणून तेथील हौशी होड्यांची बंदरे दरवाजे लावून समुद्रापासून वेगळी केलेली असतात. ते दरवाजे बंद करण्यात आले आणि आत क्लोरीन व मोरचूद सोडून पाण्यातील यच्चयावत जीव मारले गेले. तेथून आधीच निघून गेलेल्या होड्यांचा किनाऱ्याकिनाऱ्याने माग काढून त्याही तपासण्यात आल्या. सुमारे चार आठवड्यांत शिंपल्याचा नायनाट झाला. समुद्रात एकदा शिरलेली जात पूर्णपणे हटवल्याची फारच थोडी उदाहरणे आहेत, त्यांतले हे एक. दरवाजे नसते तर हे जमले नसते.

उत्तर अमेरिकेत असे दरवाजे नव्हते. मायटिलॉप्सिसच्याच कुळातला झेब्रा शिंपला तेथील सेंट क्लेअर सरोवरात १९८८ साली आढळला. युरोपातून आलेल्या मालवाहू जहाजांनी तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून, म्हणजे बॅलास्ट पाण्यातून, तो आला होता. पण जेथे जहाज कधीच जाऊ शकत नाही अशा आतल्या तळ्यांत तो कसा पोहोचला? हौशी लोक आपली होडी गाडीमागे जोडून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे नेतात. तिला अडकलेल्या पाणवनस्पतींत आणि तळाशी साचलेल्या पाण्यात शिंपल्यांनी प्रवास केला. त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला २००७ साली नेवाडा-अॅरिझोना सीमेवरील मीड सरोवरात सापडला. मोठ्या सरोवरांपासून हे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे, आणि मधे वाळवंट आहे.

यावरून एक विभागणी लक्षात येते. महासागर ओलांडण्याचे काम बहुधा मोठी जहाजे करतात. पुढे खाडीखाडीत आणि तळ्यातळ्यांत वाटप करण्याचे काम लहान होड्या करतात. सहलीची होडी वर्षातले बहुतेक दिवस एका जागी उभी असते, म्हणून तिच्या तळावर दाट वाढ होते. ती सावकाश चालते, म्हणून चिकटलेले सुटून पडत नाही. ती लहानसहान धक्क्यांना जाते, जेथे तपासणी नसते. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. त्याआधीच्या जागतिक प्रकल्पात ज्या सहा बंदरांची निवड झाली त्यांत मुंबई होती. पण तो करार जहाजाच्या पोटातल्या पाण्याचा आहे, होडीच्या तळाचा नाही.

तळाला जालीम रंग लावावा, हा उपाय सहज सुचतो. तोही करून झाला आहे. ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग असलेले रंग १९६०च्या दशकापासून वापरात आले. होड्या चकचकीत राहिल्या, पण फ्रान्समधील आर्काशों या उपसागरात, जेथे कालवांची शेती आणि सहलीच्या होड्या शेजारी शेजारी होत्या, तेथे कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि मोठ्यांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान होड्यांवर या रंगाला बंदी घातली. जगभर बंदी अमलात यायला २००८ साल उजाडले. होडी वाचवताना ज्यांचे पोट कालवांवर होते तेच बुडाले.

आता पुन्हा वसईच्या खाडीकडे येऊ. उल्हास नदीचे हे मुख. ठाण्याजवळच्या अरुंद वाटेने ते ठाण्याच्या खाडीला आणि तिच्यामार्गे मुंबई बंदराला जोडलेले आहे. म्हणजे गोदीतला शिंपला आणि आपली खाडी यांच्यामध्ये पाण्याची सलग वाट आहे. २०१६च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. एकाच खाडीच्या दोन काठांमध्ये फिरणारी बोट नवे काही आणत नाही, तिचा धसका घेण्याचे कारण नाही. धोका असतो तो दूरच्या बंदरात महिनोन्‌महिने उभ्या राहून आलेल्या होडीचा. पर्यटन वाढेल तशा या होड्याही वाढतील.

खाडीला स्वतःचे एक संरक्षण आहे. पावसाळ्यात उल्हासचे गोडे पाणी उतरते, खारेपणा एकदम घटतो आणि निव्वळ खाऱ्या पाण्यातले पुष्कळ प्राणी मरतात. पण मायटिलॉप्सिस जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत कोठेही तग धरतो. इतरांनी रिकामी केलेली जागा त्याला आयतीच मिळते. खडकांवरची कालवे काढून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. हा चिमुकला शिंपला बाजारात विकण्याजोगा नसतो. जागा मात्र अडवतो.

दुसरे संरक्षण माणसांनी निर्माण केलेले आहे, आणि ते म्हणजे आरंभी सांगितलेले शाकारणे. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, परंतु होडी ओढून ठेवण्याचा रिवाज त्याहून कितीतरी जुना आहे. पाण्याबाहेर दोन महिने राहिलेल्या तळावर कोणताही शिंपला जिवंत राहत नाही. 'स्वच्छ करा, पाणी काढा, वाळवा' हा जो मंत्र आज अमेरिकेतल्या तळ्यांकाठी होडीवाल्यांना शिकवला जातो, तो आमच्या कोळीवाड्यांनी वादळाच्या भीतीने का होईना, पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. बारमाही पाण्यात उभ्या राहणाऱ्या होड्यांसाठी सोयी उभारताना हा रिवाज मोडीत निघणार असेल, तर त्याच्या जागी काय आणायचे हे आधी ठरवायला हवे.

शाळेत काय करता येईल? एक मंगलोरी कौल घ्या. धक्क्यावरच्या मंडळींच्या परवानगीने ते दोरीने ओहोटीच्या पातळीखाली टांगा. पाण्याशी जाताना मुलांसोबत मोठे माणूस हवेच. महिन्याने कौल काढून काय काय चिकटले ते मुलांना मोजायला, चितारायला सांगा. पावसाळ्यापूर्वी एक आणि दिवाळीनंतर एक, असे दरवर्षी करा. खरवडलेले पुन्हा पाण्यात न टाकता कोरड्या जमिनीत पुरा. वहीवर तारीख आणि जागा न चुकता लिहा. पोर्तुगीज गलबतांच्या काळी जी नोंद कोणी केली नाही, ती निदान आपल्या काळाची तरी राहील.

त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही शेवटी एवढेच उत्तर दिले: प्राणी होडी निवडत नाहीत, टणक जागा निवडतात. त्यांना कोठे न्यायचे, ते मात्र होडीवाला ठरवतो.