तलफ, इच्छाशक्ती आणि पाणबुडीतले खलाशी

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असे एक काका असतात. दर एक जानेवारीला ते सिगारेट सोडतात आणि संक्रांतीच्या आत पुन्हा टपरीवर दिसतात. मग घरात एकच निष्कर्ष निघतो : यांचा मनावर ताबाच नाही. हा निष्कर्ष कितपत खरा आहे, हे आज इतिहासाच्या अंगाने पाहू.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या रुग्णांचा अभ्यास करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट बंद केली. पुढे ११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा गाजलेला अहवाल आला. धोका तर सांगितला, पण गंमत बघा, त्या अहवालाने तंबाखूला 'सवय' म्हटलं, 'व्यसन' म्हटलं नाही. आता सवय म्हटली की ती मोडणं ज्याचं त्याने बघायचं! लोकांच्या हाती भीती आली, साधन मात्र काही आलं नाही.

ते साधन आलं स्वीडनमधून. १९६७ च्या डिसेंबरात हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतले संशोधक ओवे फर्ने यांना लुंड विद्यापीठातल्या क्लास लुंडग्रेन यांचं पत्र आलं. लुंडग्रेन आणि त्यांचे सहकारी पाणबुडीतल्या खलाशांबरोबर काम करत होते. बंद पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. मग हे खलाशी काय करायचे? तोंडात तंबाखू ठेवायचे, आणि त्यांचं भागायचं. म्हणजे तलफ धुराची नव्हती, निकोटिनची होती. मग निकोटिन धुराशिवाय, तंबाखूशिवायच दिलं तर?

कल्पना सोपी, काम अवघड. नुसतं च्युइंगममध्ये घातलेलं निकोटिन झटकन बाहेर पडतं आणि घसा जाळतं. म्हणून ते एका राळेसारख्या पदार्थाला बांधलं; चघळू तसं थोडं थोडं सुटावं म्हणून. दुसरी अडचण अशी, की तोंडात आम्लता असली तर गालातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. त्यावर उपाय म्हणून गममध्ये अल्कधर्मी क्षार घातले. आपल्याकडे तंबाखू मळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तो चिमूटभर चुना लावतो तो याचसाठी. रसायनशास्त्र न शिकता!

हा गम १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ साली अमेरिकेत मान्य झाला. आणि १९८८ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने अखेर सांगितलं, की निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे. 'सवय' ते 'व्यसन' या एका शब्दाच्या प्रवासाला चोवीस वर्षं लागली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे गम आणि पट्ट्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं सावकाश. त्यामुळे तलफेची धार बोथट होते, पण तो झटका मिळत नाही. शिवाय चहाचा कप, जेवणानंतरची वेळ, नाक्यावरचे मित्र यांना औषध नाही. चाचण्यांमधून दिसतं ते असं, की अशा औषधाने सोडण्यात यश येण्याची शक्यता साधारण दीडपट होते. बरेच जण तरीही पुन्हा ओढू लागतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. पण एकेक तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची : पाणी प्या, जागा बदला, कुणाशी तरी बोला.

एक चिठ्ठी आली आहे : "मग तंबाखू-चुना खाऊन सिगारेट सोडली तर?" नको. गममध्ये निकोटिन आहे, तंबाखू नाही. तंबाखूत कर्करोग करणारी द्रव्यं असतात आणि तोंडाच्या कर्करोगाचं आपल्याकडचं प्रमाण आपण जाणतोच. गमसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यावा. मिठाईसारखा भराभर चावू नये, थोडा चघळून गालात ठेवावा.

आणि त्या काकांना यंदा मनोनिग्रहावर भाषण देऊ नका. मागच्या वेळी कितव्या दिवशी, कुठे, कुणाबरोबर पुन्हा पेटवली, ते विचारा. पुढची तयारी तिथून सुरू होते.