निळी बाटली आणि १८७६ साल

घरी फिश टँक असेल तर ती निळी बाटली तुमच्या ओळखीची असेल. एके सकाळी माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, आपण दुकानात धावतो आणि दुकानदार थंडपणे बाटली पुढे सरकवतो. मिथिलीन ब्लू! पण मंडळी, ही बाटली टँकपर्यंत पोचली त्याची गोष्ट भारी आहे.

१८७६ साली फूके नावाच्या फ्रेंच संशोधकाने या ठिपक्यांमागच्या एकपेशीय परजीवीचं वर्णन केलं. नाव काय, तर 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस'. साध्या मराठीत, माशाची लेकुरवाळी ऊ! आणि योगायोग बघा, त्याच वर्षी जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या हाइनरिख कारोने मिथिलीन ब्लू बनवला. कशासाठी? कापड रंगवायला.

पुढे हा रंग सूक्ष्मदर्शकाखाली गेला. काही पेशी तो शोषतात, काही नाही, हे पाउल एर्लिखने हेरलं. मग जो रंग जंतूला नेमका चिकटतो, तो त्याला मारणार नाही का? १८९१ मध्ये बर्लिनला एर्लिख आणि गुटमन यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना तो दिला आणि गुण आला. माणसांनंतर पाळी माशांची. मॅलाकाइट ग्रीन हा आणखी एक कापडाचा रंग १९३० च्या दशकात माशांवर वापरात आला. ठिपक्यांवर तो जास्त प्रभावी, पण खाण्याच्या माशांसाठी युरोपीय संघात आणि अमेरिकेत त्याला परवानगी नाही.

आता खरी गोम. ठिपका म्हणजे कातडीखाली लपलेला परजीवी. तिथे औषध पोचत नाही. तो पोट भरलं की गळून तळाशी चिकटतो, फुटतो, आणि शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं की गेलात कामातून! पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे घेतं. म्हणून तर पाणी हळूहळू कोमट करतात आणि हवेचा पंप वाढवतात.

दुसरी गोम फिल्टरमध्ये. विनोग्राडस्कीने १८९० मध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. तेच आपल्या फिल्टरमध्ये राबत असतात आणि निळा रंग त्यांनाही सोडत नाही. मग अमोनिया वाढतो, मासा त्यानेच मरतो, आणि बोल मात्र रोगाला लागतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शन सर्व्हरवर प्रयोग नकोत. सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवा, औषध तिथे द्या, पाणी रोज थोडं बदला. रिकाम्या टँकमधल्या पिल्लांना मासाच मिळाला नाही की ती एकदोन दिवसांत आपोआप मरतात. तिथे एक थेंबही लागत नाही.

असो. दीडशे वर्षांचा तो रंग अजून कामाला येतो. फक्त तो कोणाला मारतो आणि कधी, एवढं ठाऊक हवं.