परीक्षा फिल्मची, निकाल डॉक्टरांचा

सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे शब्द निदान-चाचणीवरच्या जवळपास प्रत्येक प्रबंधात भेटतात. रक्ताच्या चाचण्यांमध्ये ते आधीपासून होते, पण आज आपण जी व्याख्या पाठ करतो ती आली छातीच्या एक्स-रेमधून, १९४७ साली. आणि खरं तर प्रश्न भलताच होता: फिल्म किती मोठी घ्यायची?

त्याआधी दहाएक वर्षं मागे जाऊ. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊ यांनी एक स्वस्त युक्ती काढली. एक्स-रेमुळे चमकणाऱ्या पडद्याचाच छोट्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. त्यामुळे क्षयरोगासाठी हजारो निरोगी दिसणाऱ्या माणसांची छाती तपासणं परवडू लागलं. पण लहान फोटोत रोग सुटत तर नसेल ना? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हे ठरवायची वेळ आली. १,२५६ माणसांच्या छातीची चित्रं चार पद्धतींनी घेतली. एका टोकाला ३५ मिलिमीटरची चिमुकली फिल्म, दुसऱ्या टोकाला नेहमीची १४ बाय १७ इंचांची. पाच अनुभवी वाचक, प्रत्येकाने स्वतंत्रपणे वाचायचं. संख्याशास्त्राची बाजू जेकब येरुशाल्मी यांच्याकडे होती.

चार पद्धतींमध्ये फारसा फरक निघाला नाही. फरक होता वाचकांमध्ये! एकाला जिथे रोग दिसला तिथे दुसऱ्याला काहीच दिसलं नाही; हे पॉझिटिव्ह फिल्म्सपैकी सुमारे एक तृतीयांश बाबतीत झालं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे तीच फिल्म त्याच माणसाला काही काळाने पुन्हा दिली, तर सुमारे पाचातल्या एका वेळी तो स्वतःशीच असहमत व्हायचा.

ही माणसं निष्काळजी होती असं मला वाटत नाही. एक्स-रेत हवा काळी आणि हाड पांढरं दिसतं, आणि छातीची सगळी खोली एकाच सपाट चित्रात एकावर एक येते. मोठ्यांचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो, आणि नेमकी तिथेच गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी आडवी येते. हृदयामागचा भागही असाच लपतो. एमबीबीएसला ‘टोकं बघ, हृदयामागे बघ, डायफ्रॅमखाली बघ’ असं घोकून घेतात ते याचसाठी.

येरुशाल्मींनी यातून दोन चुका वेगळ्या मोजायला लावल्या. रोग असलेल्यांपैकी किती पकडले, आणि रोग नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर सोडलं. ‘एकूण अचूकता ९५ टक्के’ असा एकच आकडा इथे फसवतो. शंभरात पाच रुग्ण असतील, तर फिल्मकडे न बघता सगळ्यांना ‘नॉर्मल’ म्हणणाराही ९५ टक्के बरोबर ठरतो. दोघांनी स्वतंत्र वाचन करावं हा उपायही त्यांनी तपासला. त्यात सुटलेले रुग्ण सापडतात, पण दोघांपैकी कुणालाही संशय आला की माणसाला परत बोलवायचं ठरवलं, तर उगाच परत बोलावलेलेही वाढतात.

एक गोष्ट मात्र त्या अभ्यासाने सुटली नाही, आणि माझ्या मते संशोधन सुरू करणाऱ्याने इथेच थांबून बघावं. वाचकच आपसात भांडतात, तर ‘खरा रुग्ण’ कोण हे ठरवायचं कशावरून? वाचकांच्या बहुमतावरून ठरवलं, तर ज्याची परीक्षा चालू आहे तोच परीक्षक होतो. थुंकीच्या कल्चरवरून ठरवलं, तर कल्चर निगेटिव्ह असलेला क्षय हातचा जातो.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षय-तपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी माणसाऐवजी सॉफ्टवेअर वापरायला मान्यता दिली. अशा सॉफ्टवेअरवरचा पेपर हातात आला की आधी मेथड्स उघडा. लेबल कुणी लावलं, किती जणांनी, एकमेकांचं न बघता लावलं का, आणि मतभेद झाले तेव्हा काय केलं, हे शोधा. बऱ्याचदा ते एका ओळीत उरकलेलं असतं.