पाइन कुठे लावायचा, हे मॅप कसा ठरवतो?

वेदर अ‍ॅप आपल्याला उद्याचा पाऊस सांगतं. पण स्कॉटलंडच्या डोंगरात आज लावलेलं स्कॉट्स पाइनचं रोप दोन-तीनशे वर्षं जगू शकतं. तिथलं मूळ पाइनचं जंगल आता तुकड्या-तुकड्यांत उरलंय, अधिकृत यादीत फक्त ८४ जागा. त्यामुळे नवं रोप चुकीच्या जागी लावणं परवडत नाही.

यासाठी ब्रिटनच्या फॉरेस्ट रिसर्च या सरकारी संस्थेचं इकॉलॉजिकल साइट क्लासिफिकेशन, म्हणजे ईएससी, हे टूल आहे. ब्राउझरमध्येच चालतं. ते सहा गोष्टी बघतं. चार हवामानाच्या: वर्षभरात ५ अंश सेल्सिअसच्या वर किती ऊब साठते, उन्हाळ्यात ओलाव्याची तूट किती, वारा किती झोडपतो आणि उन्हाळा-हिवाळ्यात फरक किती. उरलेल्या दोन म्हणजे मातीतला ओल आणि कस. प्रत्येकीला ० ते १ मध्ये स्कोअर.

मला वाटलं, सहांची सरासरी काढत असतील. साफ चूक! जो स्कोअर सगळ्यात कमी, तोच निकाल. पाच विषयांत नव्वद आणि एकात नापास, तर नापासच. इथे एटीकेटी नाही! आणि ते बरोबरच आहे, कारण वाऱ्याने मोडलेल्या झाडाला सुपीक मातीचा काय उपयोग?

हाच हिशेब २०५० आणि २०८० च्या अंदाजित हवामानावरही करता येतो. ऊब वाढली की थंड उतारांचा स्कोअर सुधारू शकतो, पण कोरड्या पूर्वेकडे, हलक्या जमिनीत ओलाव्याची तूट आडवी येऊ शकते. म्हणून फक्त आजचा रंग बघून खूश होऊ नका.

हवामानाच्या मॅपला हरणं दिसत नाहीत, आणि कोवळे शेंडे तीच खातात. दलदलीतल्या पीट मातीचा थर ५० सेंटीमीटरहून जाड असेल, तर हवामान कितीही छान असो, ब्रिटनच्या वनीकरण नियमांनुसार तिथे नवीन जंगल लावणं टाळायचं असतं. बियाणंही कुठलंही चालत नाही. मूळ स्कॉट्स पाइनसाठी देशाचे सात बीज-विभाग पाडलेत.

आणखी एक, मोबाइलवाल्यांसाठी खास: झूम केलं म्हणून माहिती वाढत नाही, चौकोन फक्त मोठा दिसतो. त्या चौकोनातला छोटा ओढा, खडक, आडोसा मॅपला ठाऊक नसतो. म्हणून ईएससीमध्ये जागेवरची माहितीही भरता येते. खड्डा खणून माती बघायची, आसपास उगवलेली झुडपं नोंदवायची. हेदर दाट असेल तर माती आम्लधर्मी आणि निकस. पाइनला तीच चालते.