घडी आणि स्वाक्षरी : हवाई छत्री बांधणाऱ्यांच्या इतिहासाविषयी काही विचार

हवाई छत्रीचा इतिहास आजवर बहुधा उडी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणी किती उंचीवरून, कोणत्या साली व कोठे उडी घेतली, याच्या नोंदी विपुल आहेत. त्या छत्रीची घडी कोणी घातली, या प्रश्नाकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही उपेक्षा भाषेतही उतरलेली दिसते. मराठीने वस्तूला ‘हवाई छत्री’ हे नाव दिले, ती घेऊन रणांगणात उतरणाऱ्याला ‘छत्रीधारी सैनिक’ म्हटले. परंतु ती छत्री तपासणारा, दुरुस्त करणारा आणि बांधून देणारा जो कारागीर, त्याच्यासाठी रूढ शब्द आपल्याकडे नाही. इंग्रजीत त्याला ‘रिगर’ म्हणतात. तो शब्द जहाजाची शिडे व दोर चढविणाऱ्या कामगारांकडून आलेला आहे. या अनामिक कारागिराचे काम कोणते, ते उडी घेणाऱ्यापासून वेगळे केव्हा झाले, आणि त्याचे नाव कागदावर असूनही इतिहासात का नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. नावांचा विचार

‘पॅराशूट’ हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा पूर्वार्ध निवारण करणे या अर्थाचा असून उत्तरार्धाचा अर्थ पतन असा आहे. १७८३ साली लुई सेबास्तियां लनोर्मां याने माँपेल्ये येथे प्रयोग केला, त्या काळातील ही शब्दनिर्मिती होय. फ्रेंच नावात पडण्याची भीती प्रकट आहे. मराठी नावाने ती भीती पुसून टाकली. ‘छत्री’ हा शब्द ‘छत्र’ शब्दाशी निगडित असून त्यात आच्छादनाचा, आश्रयाचा आणि राजचिन्हाचाही भाव आहे. दोन्ही नावे उघडलेल्या वस्तूची आहेत, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. ही वस्तू आपल्या आयुष्यातील काही मिनिटेच उघडी असते व उरलेला सर्व काळ मिटलेली असते. परंतु मिटलेल्या अवस्थेची नोंद कोणत्याही नावाने घेतलेली नाही.

त्या अवस्थेसाठी मराठीत ‘घडी’ हा अर्थपूर्ण शब्द उपलब्ध आहे. आपण संसाराची घडी बसवतो, राज्यकारभाराची घडी विस्कटते असे म्हणतो, आणि नव्या लुगड्याची घडी मोडतो. या सर्व प्रयोगांत घडी टिकविणे हे सुस्थितीचे लक्षण मानले आहे. हवाई छत्रीच्या घडीची कसोटी याच्या नेमकी उलट आहे. ती मोडण्यासाठीच घातलेली असते, आणि योग्य क्रमाने मोडली तरच ती चांगली ठरते. कारागिराचे सारे कौशल्य या क्रमात आहे.

२. कामाचे स्वरूप

छत्री बांधणे म्हणजे कापड गुंडाळून पिशवीत भरणे नव्हे. वापरलेली छत्री प्रथम टांगून वाळवितात. नंतर ती लांबट टेबलावर पसरून तिची एकेक पाकळी प्रकाशात पाहिली जाते. घर्षणाने जळालेला धागा, तेलाचा डाग, आम्लाचा स्पर्श, उसवलेली शिवण, गंजलेली कडी, यांपैकी काहीही आढळले तर छत्री बाजूस काढावी लागते. रेशमास दमट हवा व बुरशी बाधते; नायलॉन दीर्घकाळ उन्हात राहिले तर त्याचे बळ ओसरते. म्हणून निगा ही केवळ वापरानंतरची बाब नाही; न वापरता ठेवलेली छत्रीही ठराविक मुदतीने उघडून पुन्हा बांधावी लागते. अमेरिकेच्या आजच्या नियमांप्रमाणे राखीव छत्रीसाठी ही मुदत कृत्रिम धाग्याची असल्यास १८० दिवस व रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याची असल्यास ६० दिवस आहे.

यानंतर दोर. २८ पाकळ्यांच्या जुन्या गोल छत्रीस तितकेच दोर असतात, आणि प्रत्येक दोर खांद्याच्या पट्ट्यापासून कापडाच्या काठापर्यंत विनापीळ जातो की नाही, हे हाताने चाचपून ठरवितात. पाकळ्या दोन्ही बाजूंस समान संख्येने रचून काठ सरळ करतात. मग दोरांच्या नागमोडी वळ्या करून त्या रबरी पट्ट्यांत अडकवितात. येथे एक बारकावा आहे. पट्टी फार घट्ट असली तर दोर वेळेवर सुटत नाही. फार सैल असली तर सर्व दोर एकदम सुटून परस्परांत गुंततात. दोन रुपयांच्या पट्टीत माणसाचा प्राण अडकलेला असतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पिशवी बंद करण्यापूर्वी कारागीर आपली हत्यारे मोजतो. एखादी पट्टी किंवा चिमटा आत राहिला तर सर्व श्रम व्यर्थ. राखीव छत्रीच्या खिळीवर शेवटी लाल दोरा गुंफून शिशाची मोहोर लावतात, आणि सोबतच्या कार्डावर दिनांक व स्वाक्षरी घालतात.

ही स्वाक्षरी या इतिहासाचा मुख्य पुरावा आहे. वस्त्र विणणाऱ्याची किंवा दोर वळणाऱ्याची सही आपण मागत नाही. येथे मात्र एका विशिष्ट दिवशी घातलेल्या एका विशिष्ट घडीला एक विशिष्ट मनुष्य आपले नाव जोडतो.

३. श्रमविभागणीचा इतिहास

आरंभी उडी घेणारा व बांधणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ पॅरिसमध्ये उतरला तो स्वतःच्या देखरेखीखाली तयार झालेल्या रेशमी छत्रीने. आपल्याकडे १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज विमानविद्याविशारदाने मुंबईत फुग्यातून प्रयोग करून दाखविले, व १८९० साली रामचंद्र चटर्जी यांनी कलकत्त्यास उडी घेतली. या काळात छत्री फुग्याखाली लोंबत असे. तिला सूक्ष्म घडी नव्हती, म्हणून स्वतंत्र घडी घालणाराही नव्हता.

२८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विन याने अमेरिकेतील मॅककुक फील्ड येथे पाठीवर बांधलेली छत्री हवेत स्वतः उघडून दाखविली. छत्री पाठीवरच्या लहान पिशवीत आली, आणि घडी हा जीवनमरणाचा विषय झाला. वैमानिकाला स्वतः घडी घालण्यास वेळ नव्हता व त्याची तशी अपेक्षाही नव्हती. अशा रीतीने हे काम वेगळ्या माणसाकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात ते हजारोंच्या संख्येने करावे लागले. इंग्लंडमध्ये रिंगवे येथील केंद्रात हवाई दलाच्या स्त्री-विभागातील तरुणी ते करीत असत. अमेरिकी सैन्यात रिगरने स्वतः उडी घेतलेली असावी, आणि आपण बांधलेली कोणतीही छत्री घालून उडी घेण्यास त्याने सिद्ध असावे, असा दंडक पडला. उत्तरदायित्व शब्दांत न ठेवता देहावर आणण्याची ही रीत होती.

भारतात ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्ली येथे ५० वी छत्रीधारी ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची ४११ क्रमांकाची तुकडी होती. त्याच वर्षी कानपूर येथे छत्र्यांचा सरकारी कारखाना सुरू झाला. ब्रिटिश पद्धतीच्या सैनिकास या युद्धात राखीव छत्री दिली जात नसे. १ मे १९४५ रोजी रंगूनजवळ एलिफंट पॉइंट येथे गुरखा सैनिक उतरले ते एकाच घडीच्या भरवशावर. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद टाकण्यासाठी रेशीम व नायलॉन पुरेना, तेव्हा जनरल स्लिम यांच्या सैन्याने बंगालच्या तागाच्या छत्र्या करविल्या. त्या माणसांसाठी नव्हत्या. धान्य व दारूगोळा यांच्यासाठी होत्या. वस्तूपेक्षा मनुष्याची घडी निराळी, हा भेद येथे स्पष्ट होतो.

स्वातंत्र्यानंतर, १५ एप्रिल १९५२ रोजी, पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली व मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तिची दुसरी पलटण ठरली. ११ डिसेंबर १९७१ रोजी हीच पलटण पूर्व बंगालमध्ये टांगाईलजवळ पुंगली पुलाच्या परिसरात उतरली. संख्या सुमारे सातशे. या उडीत छत्री विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते. सैनिकाला दोरी ओढावी लागत नाही. म्हणजे छातीवरची राखीव छत्री वगळली तर दारातून बाहेर पडल्यानंतर पहिल्या काही क्षणांत त्याच्या हाती काहीच नसते. त्याचे धैर्य म्हणजे दुसऱ्याच्या हातांवरील विश्वास होय. सातशे सैनिकांच्या पराक्रमाचे वर्णन सर्वत्र आढळते. सातशे घड्यांचा उल्लेख मात्र युद्धवर्णनांत सहसा आढळत नाही.

खेळ म्हणून उडी घेण्याची प्रथा वाढली, आणि डोमिना जालबर्ट याने १९६० नंतरच्या दशकात कल्पिलेली, हवेने फुगणारी चौकोनी छत्री प्रचारात आली, तेव्हा विभागणी पुन्हा बदलली. मुख्य छत्री खेळाडू बहुधा स्वतः बांधतो. राखीव छत्री परवानाधारक रिगरकडे जाते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पटाया येथे नऊवारी नेसून उडी घेतली. या दुसऱ्या उडीचे कौतुक वेषाबद्दल झाले. परंतु सैल वस्त्राचा पदर मुठीवर किंवा खिळीवर येऊ न देणे ही घडीशास्त्रातली पहिली अट आहे. तिथे निऱ्यांची घडी व छत्रीची घडी अशा दोन घड्या एकाच देहावर होत्या, आणि त्यांपैकी एक न सुटणे व दुसरी सुटणे आवश्यक होते.

४. एक तुलना

येथे अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या परिसराचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. हा अवर्षणप्रवण भाग आहे. विजेचे पंप येण्यापूर्वी येथील बागायत विहिरीवरच्या मोटेवर अवलंबून होती. मोटेचा जाड नाडा आणि सोंडेचा बारीक सोंदूर हे शब्द वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. भरलेली मोट वर येत असताना नाडा तुटला तर धावेवरील बैल पुढे कोसळत, आणि मोट विहिरीत जाई. म्हणजे येथेही माणसे आणि जनावरे दुसऱ्याने वळलेल्या दोरावर विसंबून होती. दोर वळण्याचे काम मांगाकडे व मोट शिवण्याचे चांभाराकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने ही बलुतेदारीची व्यवस्था आपल्या अभ्यासाच्या कक्षेत आणली.

दोन्ही व्यवस्थांमधील भेद शब्दांतून दिसतो. गावगाड्यात कारागिराला नाव होते, पण ते जातीचे होते. दोर चांगला असो वा वाईट, नाव तेच. त्याचा मोबदला खळ्यावरच्या धान्यात, आणि त्याची अवहेलनाही जन्मापासून. छत्रीच्या कार्डावर उलट स्थिती आहे. तेथे व्यवसायाला मराठी नाव नाही, पण व्यक्तीला आहे; ते जन्माने न येता त्या दिवशीच्या कामाने येते. मात्र या दुसऱ्या व्यवस्थेचेही आदर्शीकरण करू नये. स्वाक्षरी श्रेयासाठी कोणी उघडून पाहत नाही. छत्री उघडली तर कार्ड खिशातच राहते. न उघडली तर चौकशी प्रथम त्या नावापाशी येते. दोषाची नोंद व्हावी यासाठीच ज्याचे नाव लिहिले जाते, त्याचे यश नोंदीविना राहते.

५. उपसंहार

शब्द नाही म्हणून समाजात जाणीवही नव्हती, असा निष्कर्ष भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने घाईने काढू नये. सैन्यातील व्यवहार इंग्रजी व हिंदीत चालत असल्याने मराठी शब्दाची गरज पडली नसेल, हे कारण पुरेसे संभाव्य आहे. तथापि ज्या भाषेने ‘घडी’ या एका शब्दावर संसारापासून राज्यापर्यंतचे प्रयोग उभारले, तिला या कारागिराचे वर्णन करण्यास शब्दसामग्रीची उणीव नव्हती. उणीव होती ती त्याच्याकडे पाहण्याच्या प्रसंगाची. छत्री उतरते तेव्हा सर्वांची दृष्टी आकाशाकडे असते, आणि तो त्या वेळी दूर कोठेतरी टेबलापाशी असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी युद्धेतिहासाकडे वळताना पलटणींच्या रोजनिशांबरोबर छत्र्यांची कार्डे, दुरुस्तीच्या वह्या आणि निवृत्त कारागिरांची तोंडी निवेदने हीही साधने मानावीत, अशी सूचना करावीशी वाटते. कार्ड भरले की नवे येते आणि जुने नाहीसे होते; तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. व्यवसायनामाचा प्रश्न आपण येथे बसून सोडवू नये. ज्यांनी आयुष्यभर घड्या घातल्या त्यांपैकी मराठी भाषक आपल्या घरी, आपल्या माणसांत, स्वतःच्या कामाला काय म्हणत होते, हे प्रथम त्यांनाच विचारले पाहिजे.