मालक गावाला, कुत्रा मुक्कामाला

मे महिन्याची सुटी, गणपती, दिवाळी आणि नाताळ. वसई-विरारमधील अनेक घरांना कुलपे लागतात ती याच दिवसांत. नालासोपारा-विरारचा चाकरमानी कोकणची गाडी धरतो, कुणी सहलीला निघतो. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला निरोप जातो. प्रश्न उरतो तो घरातल्या कुत्र्याचा. पूर्वी चाळीतला शेजारी दोन वेळची भाकरी घालत असे. बंद दारांच्या इमारतींत ती सोय राहिली नाही आणि त्या पोकळीतूनच पाळीव प्राण्यांच्या मुक्कामाचा, अर्थात 'पेट बोर्डिंग'चा व्यवसाय उभा राहिला.

मोठ्या शहरांतील वातानुकूलित 'पेट हॉटेल' ही यातली दिखाऊ बाजू. या परिसराला मानवते ते लहान केंद्र: घरामागील आवार, पक्की शेड, आठ-दहा जनावरांची व्यवस्था आणि राबणारे घरचेच दोघे-तिघे. पूर्वेकडील दाट वस्तीपेक्षा पश्चिमेच्या गावांत, वाडीला लागून असलेल्या घरांत अशी जागा सापडणे सोपे असते. अडचण अशी की वर्षातील बहुतेक महिने निम्मे पिंजरे रिकामे राहतात आणि कमाईचा मोठा भाग सुट्यांच्या मोजक्या आठवड्यांत पदरात पाडून घ्यावा लागतो. नेमक्या त्याच आठवड्यांत 'आणखी एक घ्या ना' म्हणून गळ घालणारे फोन सुरू होतात. लहान केंद्र बुडते ते बहुधा या 'आणखी एका'मुळे.

हिशेब साधा आहे. दहा कुत्र्यांना दिवसातून तीनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटे फिरवायचे म्हटले तरी साडेसात तास जातात. त्यात दोन वेळचे खाणे, भांडी, पिंजऱ्यांची धुलाई आणि औषधे धरली की दोन माणसांचा दिवस संपतो. बारावा कुत्रा आला म्हणून दिवस मोठा होत नाही. फिरवणे दहा मिनिटांवर येते, मग आठवर. शिवाय दिवाळीत मदतनीसही गावाला जातो आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबाचे केंद्र असेल, तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेलाही घरातील एकाला मागे थांबावे लागते. त्यामुळे क्षमता ठरवताना पिंजरे मोजण्यापेक्षा सणाच्या दिवशी प्रत्यक्ष हजर असणारी माणसे मोजणे शहाणपणाचे.

दुसरा नकार लसीकरणावरून द्यावा लागतो आणि तो अधिक कटू असतो. अनेक मालक निघण्याच्या आदल्या दिवशी कुत्र्याला टोचून आणतात आणि कार्ड पुढे करतात. लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून मुक्कामाच्या किमान दोन आठवडे आधी लसी पूर्ण झालेल्या असाव्यात. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी तर हव्यातच. अनेक कुत्री एकत्र राहणार असल्याने 'केनेल कफ'ची लसही हवी. घोगऱ्या खोकल्याचा हा आजार संसर्गानंतर दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढतो. दारात ठणठणीत दिसणारा कुत्रा तो सोबत आणू शकतो, तो याच कारणाने.

पार्व्होचे संकट त्याहून मोठे. लस न झालेली पिल्ले रक्ताच्या जुलाबाने दगावतात आणि विषाणू फरशीच्या फटींत महिनोन् महिने तग धरतो. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल असे समीकरण आहे. परंतु पार्व्होवर फिनेलचा भरवसा धरता येत नाही आणि फिनॉलयुक्त द्रव्ये मांजरांना घातक ठरतात. आधी साबणाने मळ काढून, नंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी यांचे मिश्रण दहा मिनिटे राहू देणे हा खात्रीचा उपाय. पाण्याची टंचाई आणि टँकरचे दिवस ज्यांच्या अंगवळणी आहेत, त्यांनी मे महिन्याची तयारी साठवणीच्या टाकीपासून सुरू करावी, हे सांगायला नको. गोचिडांचेही असेच. त्या भिंतींच्या भेगांत काही न खाता महिने काढतात, म्हणून प्रत्येक पाहुणा आत येण्यापूर्वी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत तपासला जावा.

माजावर आलेल्या मादीला सुटीच्या गर्दीत प्रवेश देऊ नये. त्यातील चूक लगेच ध्यानात येत नाही. साधारण ६३ दिवसांनी ती पिलांसह समोर येते.

प्रत्येक सणाची अडचण निराळी. मे महिन्यात किनाऱ्याच्या दमट उकाड्यात पग, बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना धाप लागते. वीज गेली तर त्यांची स्थिती तासाभरात गंभीर होऊ शकते, म्हणून इन्व्हर्टर ही चैन ठरत नाही. गणपतीचे दिवस पावसाळ्यातले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकलसेवा ठप्प झाली आणि मिठागरांतील रहिवासी अडकून पडले, ते येथील लोक विसरलेले नाहीत. शेडचा चौथरा रस्त्याहून उंच हवा, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टो कुत्र्याप्रमाणे माणसालाही होतो. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा मिळेल त्या फटीतून पळतो. एकामागे एक अशी दोन फाटके आणि गळपट्ट्यावर फोन क्रमांक असल्याशिवाय त्या आठवड्यात कोणालाही बाहेर काढू नये. नाताळचा धोका गोड असतो. केकमधील मनुके आणि चॉकलेट दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत आणि प्रेमाने तुकडा टाकणारे हात घरात त्या दिवशी पुष्कळ असतात.

मांजर ठेवून घेणाऱ्यांनी वेगळी खोली राखावी. मांजराला माणसाइतकीच जागेची सवय असते. नव्या ठिकाणी ते अन्न सोडते आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृताला गंभीर विकार जडू शकतो. खरे तर कोणी रोज घरी येऊन त्याचे खाणे-पिणे पाहणे हाच मांजरासाठी बरा मार्ग.

कायद्याचे म्हणाल तर श्वान प्रजननाविषयीचे २०१७चे आणि पेट शॉपविषयीचे २०१८चे केंद्रीय नियम यांचा रोख मुख्यतः प्रजनन आणि विक्रीवर आहे. मुक्कामाची जबाबदारी येते ती प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातून. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची काळजी घेणे हे त्या कायद्याने कर्तव्य ठरवले आहे. आखूड साखळीने सतत बांधून ठेवणे हा गुन्हा, तसेच कारणाशिवाय जनावर टाकून देणे हाही गुन्हा. सुटी संपली तरी फोन न उचलणारा मालक हा या व्यवसायातील जुना अनुभव. मात्र पहिल्या गुन्ह्याला कायद्यात दंड आहे १० ते ५० रुपये. त्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा ओळखपत्राची प्रत, पर्यायी नातेवाइकाचा क्रमांक आणि आगाऊ रक्कम घेतलेली बरी.

त्याच कागदावर आणखी एक परवानगी हवी: मालकाशी संपर्क झाला नाही तर उपचार करण्याची, आणि किती खर्चापर्यंत. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटात वायू भरून जठराला पीळ पडतो, तेव्हा हाताशी काही तासच असतात. स्थानिक डॉक्टर सणाच्या रात्री उपलब्ध नसतील, तर पर्याय मुंबईत: परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून परिचित असलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे रुग्णालय. मध्ये महामार्ग, खाडीपूल आणि सुटीची वाहतूक कोंडी. गाडी आणि चालक कोण, हे सणाच्या आधीच ठरलेले हवे. जेवणानंतर तासभर मोठ्या कुत्र्याला पळू न देणे ही खबरदारी मात्र फुकटची आहे.

घरी परतलेला कुत्रा खूप पाणी पितो, एक-दोन दिवस झोपून काढतो, कधी पोटही बिघडते. उत्साह आणि थकवा यांचा हा परिणाम असतो. पण 'आमच्या कुत्र्याला उपाशी ठेवले' अशी तक्रार त्यातूनच जन्म घेते. यावर अनुभवी चालकांची जुनी तोड आहे. येताना आणि जाताना मालकासमोरच कुत्र्याचे वजन करायचे, ते वहीत लिहायचे आणि खाली त्याची सही घ्यायची.